दुपारच्या गाड्या

मामा,

तुमच्या तेराव्याला लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला दोनदा दारात येऊन फोटो बघावा लागला. फोटो तुमचाच होता. हार घातलेला, गंध लावलेला, आणि जिवंतपणी कधी नव्हता इतका शांत चेहरा. बाहेर मांडवात एकेक जण उठून सांगत होता, "काय कान होता मामांचा! पेचकस कानाला लावला की इंजिनाचं दुखणं सांगायचे." मी आत पुऱ्या तळत होते. प्रत्येक वेळी "कान" हा शब्द आला की माझी एक पुरी करपत होती.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. कबूल. पण मग तो जिवंत असताना तरी बोलू द्यायला हवं होतं. ते तुम्ही दिलं नाहीत, म्हणून आता बोलते. तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही, हा तुमच्या जाण्याचा मला झालेला पहिला फायदा.

मला रडू आलं नाही, तेही सांगून टाकते. नणंदा रडल्या, तुमचा लेक, म्हणजे माझा नवरा, रडला, देगलूरच्या बाजारातले स्पेअरपार्टवाले रडले. माझ्याकडे बायका बघत होत्या. शेवटी एकीनं पदराआडून विचारलंच, "सासऱ्याचं अन् तुपलं बरं नव्हतं का गं?" मी म्हणाले, "लई बरं होतं. रोज दुपारी आम्ही एकत्र असायचो." तिला काही कळलं नाही, आणि तेव्हा मला वाटत होतं की कुणालाच काही माहीत नाही.

तुम्ही मला बघायला लातूरला आलात, तेव्हापासूनच आपलं जुळलं नाही. माझ्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. घरात तांब्याच्या तारांची भेंडोळी, आणि खेळायला काही नसलं की माझ्या हातात करंट मोजायचा मीटर. तुम्ही विचारलंत, "सैपाक येतो का?" वडील कौतुकानं म्हणाले, "येतो की. आन मोटार जळाली तर कुठं जळाली तेबी सांगती." तुम्ही चहाची बशी खाली ठेवून हसलात. "आमच्या चुलीला मोटार न्हाई, पाव्हणं." सगळे हसले. मीही हसले, कारण मुलगी बघायला आलेल्या माणसासमोर मुलीनं हसायचं असतं.

देगलूरला आले तेव्हा उदगीर रोडवरचं तुमचं गॅरेज जोरात होतं. तुमचा कान खरा होता, हे मी कुणाच्याही फोटोसमोर कबूल करीन. जुनं डिझेल इंजिन थडथडायला लागलं की तुम्ही एकेका नोझलचा नट सैल करायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. ज्याचा नट सैल केला तरी आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. पुढच्या कामाला तुमचा लेक बसायचा. बिलोलीपासून मदनूरपर्यंतच्या जीपा तुमच्या दारात उभ्या असायच्या, आणि तेलुगू बोलणारे शेतकरीसुद्धा तुम्हाला "मामा" म्हणायचे.

मग गाड्या बदलल्या. नोझलचं नाव इंजेक्टर झालं आणि त्याला उघडायला करंट लागायला लागला. वायरीतून करंट आला नाही तर इंजेक्टर कितीही नवा घाला, तो तोंड मिटून बसतो. त्याची तक्रार आवाजात नसते. असली तरी फार बारीक असते, भिंतीवरच्या घड्याळासारखी टिकटिक. ती ऐकायला धड कान लागतो.

तुमचा कान गेलाय हे मला कसं कळलं, ते तुम्हाला आठवतंय. कधी बोललो नाही आपण त्यावर, पण तुम्ही विसरला नव्हता. तुमचा लेक नांदेडला पार्ट आणायला गेला होता, म्हणून डबा घेऊन मी आले. करडखेडच्या माणिकरावांची गाडी बोनेट उघडून उभी होती. माणिकराव म्हणजे तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि तुमचे एकमेव मित्र. ते समोर चहाला गेले होते. तुम्ही हात धुवायला गेलात आणि मला राहवलं नाही. मी तीन नंबरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढलं, आतल्या पिना बघाव्यात म्हणून. तेवढ्यात तुम्ही आलात, माझ्याकडे न बघता चावी फिरवलीत आणि लांब पेचकस घेऊन ऐकायला वाकलात. गाडी आधीच हलत होती, ती आणखी हलायला लागली.

"एक बरा हाय," तुम्ही म्हणालात. "दोन जरा खराब. तीन तर झक्कास बोलून राहिला!"

तीन नंबरची वायर माझ्या हातात होती.

तुम्ही वर बघितलंत. आधी माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. एवढा मोठा माणूस एका क्षणात म्हातारा होताना मी त्याआधी बघितला नव्हता. मी वायर परत बसवली आणि म्हणाले, "मामा, जेवून घ्या." तुम्ही मान वळवून उजवा कान माझ्याकडे केलात. डावा पार गेलेला होता आणि उजव्यात थोडी धुगधुगी होती. मी परत म्हणाले, जरा मोठ्यानं. त्या दिवसापासून मी कायम तुमच्या उजव्या बाजूला उभी राहिले. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी तुमचा लेक म्हणाला, "बाबा म्हणून राहिले, आजपासनं डबा तूच घेऊन जात जा."

असा आपला धंदा सुरू झाला, मामा. गिऱ्हाईक दुपारी गाडी लावून जेवायला जाणार. तुम्ही शटर अर्धं ओढून डबा उघडणार. आणि तुमचं जेवण होईपर्यंत मी गाडीतला बिघाड शोधणार. घरी दोन घासांत भाकरी संपवणारा माणूस गॅरेजात मात्र रवंथ करत बसायचा. बिघाड सोपा असला की तुमच्या दोन भाकरी व्हायच्या. अवघड असला की तुम्ही भात परत कालवायचात, मिरची मागायचात, उगाच ताक प्यायचात. एकदा एका गाडीची वायर आतल्या आत तुटली होती. वरचं आवरण धड आणि आत तांबं तुटलेलं. लाकडी काडीनं वायर हलवून बघत बघत मला ती जागा सापडेपर्यंत तुम्ही माझ्या वाटणीची भाकरीही खाल्लीत.

मला कधी काही विचारलं नाहीत. तुम्ही भाकरीशी बोलायचात. "आता मीटरच्या दोन सुया एकमेकीला कामून टेकवतेत बाई, देव जाणे." मग मी डाळीच्या डब्याला सांगायचे, की सुयांच्या वायरीचा स्वतःचा अडथळा किती, ते आधी बघून वजा करायचं असतं, कारण इंजेक्टरचा आकडा इतका बारीक असतो की त्यात सुयांचाच आकडा मिसळतो. मग चारही इंजेक्टरांचे आकडे घ्यायचे. तिघांचं जमलं आणि एकाचं निराळं आलं की तो चोर. चौघांचे सारखे आले की इंजेक्टर निर्दोष, मग वायर धरायची. तुम्ही घास थांबवून ऐकायचात आणि "मीठ कमी हाय" म्हणायचात. मीठ कधीच कमी नसायचं.

एकदा तुम्हाला वाटलं आपणही करून बघावं. मी नको नको म्हणत असताना चालू इंजिनात इंजेक्टरचं कनेक्टर उपटलंत. डिझेल गाडीत त्या वायरीला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो. असा झटका बसला की तुमच्या हातातली भरल्या वांग्याची फोड उडून गाडीच्या काचेवर जाऊन बसली. मी तोंडात पदर कोंबला, पण हसू आवरेना. आणि तुम्हीही हसलात. बोळक्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत आपण दोघं एकत्र हसलो ते तेवढंच. ते मी जपून ठेवलंय. तुमच्या वाईट गोष्टींच्या ढिगात ते कुठं ठेवावं हे कळत नाही.

आणि तो मीटर. माझा लातूरहून आणलेला मीटर मेला होता, आकडे अर्धेच दिसायचे. एक दिवस रिकाम्या डब्याची पिशवी जड लागली. घरी येऊन बघते तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा मीटर, हैदराबादहून मागवलेला, चांगला. तुम्ही काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या भाजीवर तेलाचा तवंग जरा जास्त सोडला. आपल्या घरात आभार असेच मानतात.

पण गिऱ्हाईक परत यायचं तेव्हा मी कुठं असायचे? मागच्या नळावर, डबे घासत. आणि पुढं तुमचा आवाज, अख्ख्या रोडला ऐकू जाईल असा. "दोन नंबरची वायर आतून तुटली हुती. आवाजावरनं धरली मी!" गिऱ्हाईक वाहवा करायचं. मी डब्याला घासणी लावून थांबायचे. मला एकच वाक्य हवं होतं, मामा. "हे मपल्या सुनंनं केलं." पगार नको होता, पाटीवर नाव नको होतं. माझ्या माघारी नव्हे, मी नळावर असताना, मला ऐकू येईल असं ते एक वाक्य. ते तुम्ही शेवटपर्यंत बोलला नाहीत.

आता नारळाचं.

दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्यांची पूजा होते. लोक नारळ गाडीपुढं जमिनीवर फोडतात. तुमची तऱ्हा निराळी. बोनेट उघडायचं, इंजिनाच्या लोखंडावर नारळ आपटायचा आणि पाणी इंजिनावर ओतायचं. "इंजिनाला पाजायचं असतं," तुम्ही म्हणायचात. जुन्या इंजिनाला काही होत नसे, ते लोखंड होतं, पाणी पिऊन तापायचं आणि विसरून जायचं. पण नव्या गाडीत वरच इंजेक्टरची कनेक्टरं असतात. दसरा झाला की महिनाभरानं त्याच गाड्या झटके खात परत यायच्या. मी कनेक्टर उघडायचे तर आत पिना हिरव्या पडलेल्या. पहिल्या वर्षी वाटलं योगायोग. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गाड्या, त्याच पिना. तिसऱ्या दसऱ्यानंतर मी तुमच्या उजव्या बाजूला उभी राहून सांगितलं.

सांगताना मी फार जपून सांगितलं होतं. म्हणाले, "मामा, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तसं होतंय. नारळाचं पाणी कनेक्टरात उतरतं आणि पिना कळकतात. नारळ फोडा, पण जमिनीवर फोडा."

तुम्ही भाकरी ठेवलीत. शटर अर्धं उघडं होतं. पलीकडे चहाच्या टपरीवर माणसं होती, तुमचा लेक पाना हातात घेऊन उभा होता. आणि तुम्ही म्हणालात, "जिचा सवताचा पाळणा हलला न्हाई, तिनं मपल्या नारळाला नावं ठेवू नये."

टपरीवरचे ग्लास वाजायचे थांबले. तुमचा लेक खाली बघून पाना शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता.

माझी दोन मुलं पोटातच गेली. दोन्ही वेळी मला लातूरच्या दवाखान्यात नेणारी गाडी तुम्हीच चालवत होता. खड्डा आला की गाडी इतकी हळू घ्यायचात की मागची वाहनं भोंगे वाजवायची. तो माणूस आणि हा माणूस एकच कसा, हे मी अजून जुळवू शकले नाही. कधी कधी तुमची बाजू घेते. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. कदाचित तुम्हाला वाटलं असेल, फक्त हिलाच ऐकू जाईल असं बोललो. पण मग वाटतं, फक्त मलाच ऐकू यावं म्हणून तरी ते बोलायचं होतं का? हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मी डबा आवरला, घरी आले, आणि त्यानंतर डबा तुमच्या लेकाच्या हातून पाठवत राहिले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाड्या यायच्या, तुम्ही पेचकस लावायचात आणि अंदाजानं इंजेक्टर बदलायला सांगायचात. तुमचा लेक लातूरच्या पंप-नोझलवाल्याकडून इंजेक्टर आणायचा. गाडी दोन दिवस बरी चालायची आणि परत झटके. गिऱ्हाइकं नांदेडच्या रस्त्याला लागली. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही. गॅरेजचं अंगण रिकामं होतं असं तुमचा लेक सांगायचा आणि मला त्या दिवशी भाजी चांगली जमायची.

मग तुमच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला न्यायचं आणि न्यायचं कशात, तर तुमच्याच गाडीत, जिच्या इंजिनाला तुम्ही दर दसऱ्याला पाजलं होतं. पुढं तुमचा लेक चालवायला, शेजारी तुम्ही. मागं मी पाण्याची बाटली घेऊन, आणि बहुतेक वेळा सोबतीला माणिकराव. पहिल्याच झटक्याला मला कळलं होतं. मी वाकून तुमच्या उजव्या कानात विचारलं, "मामा, मीटर लावून बघू का?" तुम्ही पुढं बघत म्हणालात, "गप बस." त्याच आठवड्यात इंजेक्टर बदललात. परत झटके. परत बदललात. मी प्रत्येक फेरीला विचारलं, आणि प्रत्येक फेरीला गप बसले. सुजलेले पाय, करडी पडलेली नखं, श्वास घेताना घशात होणारी घरघर, आणि तरीही माझं ऐकायचं नाही. असा हट्ट लहान मुलात बघितला असता तर मी एक ठेवून दिली असती.

नरसी फाट्याला भर दुपारी गाडी बंद पडली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रसवंतीवरची माणसं गोळा झाली, त्यांतले अर्धे तुमच्या ओळखीचे. दुसरी गाडी मिळेना. तुम्ही पुढच्या सीटवर मान टाकून बसला होता, ओठ काळे पडत होते, माणिकराव उपरण्यानं वारा घालत होते. मी पिशवीतला मीटर घेऊन उतरले आणि बोनेट उघडलं.

तुमचा लेक धावत आला. "बाबा नको म्हणतेत."

"बाबांना कुणी विचारलंय?" मी म्हणाले. नवऱ्याला असं मी पहिल्यांदाच बोलले, आणि तेही रस्त्यावर, चार माणसांत. तो बाजूला झाला.

चारही कनेक्टरं काढली. सुया टेकवल्या, आकडे घेतले. चारही इंजेक्टर धडधाकट, तुम्ही बदललेलेही आणि न बदललेलेही. दोन नंबरच्या कनेक्टरात बघितलं तर हिरवा चिखल. ब्लेडनं खरवडायला गेले तर एक पिन हातातच मोडली. डिकीत तुमच्या जुन्या वायरिंगची गुंडाळी होती, त्यातून तसलीच पिन काढली, पकडीनं दाबून वायरीला बसवली. माझ्या मागं माणसं वाकून बघत होती. कुणी तरी म्हणालं, "बाई माणूस हाय की!" माणिकराव मागून येऊन त्याच्यावर खेकसले. तुमच्या लेकाला म्हणाले, "मारा चावी." इंजिन लागलं आणि एका लयीत फिरायला लागलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी तुमच्या खिडकीशी आले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि तुमच्या आयुष्यात पहिल्यांदा अगदी हळू, फक्त मलाच ऐकू येईल असं विचारलंत, "चालू झाली का गं?"

मी तुमचा हात उचलून डॅशबोर्डवर ठेवला. इंजिनाची थरथर तुमच्या तळव्याला लागली. तुम्ही डोळे मिटलेत. नायगाव मागं पडेपर्यंत तो हात तुम्ही काढला नाहीत.

एवढ्यावरच राहिलं असतं तर आज मी वेगळं लिहिलं असतं. पण गाडी हलायच्या आधी रसवंतीवाल्यानं खिडकीत वाकून मोठ्यानं विचारलं, "मामा, काय झालं हुतं?" आणि तुम्ही, ज्याला धड श्वासही पुरत नव्हता, त्यातला अर्धा श्वास खर्चून म्हणालात, "वायर कळकली हुती. मी सांगून राहिलो तसं तिनं केलं."

"कळकली." शब्दसुद्धा माझाच वापरलात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. शेवटच्या सकाळी मी तुमच्या उजव्या बाजूला होते. तुम्ही काही तरी बोलायला ओठ हलवलेत. मी कान लावला. तुम्ही पाणी मागितलंत. दिलं.

आणि मग तेराव्याला माणिकराव उठले. मी पुऱ्यांचं शेवटचं घमेलं घेऊन बाहेर आले होते. ते सांगत होते, "नरसी फाट्याला मरणाच्या दारात हुता मपला दोस्त, पर सुनंला सांगून सांगून गाडी चालू केली. असा मिस्त्री हुणार न्हाई." माणिकराव, जे मागं उभं राहून सगळं बघत होते, तेही! माझ्या हातातलं घमेलं मी खाली ठेवलं नाही, आदळलं.

"ते बहिरे होते," मी म्हणाले. मांडवभर ऐकू गेलं. "किती वर्षं बहिरे होते. गॅरेजातला वायरिंगचा एकेक बिघाड मी काढलाय, दुपारी शटर ओढून. त्यांना इंजिन चालू आहे की बंद हेसुद्धा हात लावल्याशिवाय कळत नव्हतं."

तुमच्या थोरल्या लेकीनं तोंडावर हात ठेवला. तुमचा लेक उठून उभा राहिला. मला वाटलं आता हा हात उचलतो. मी तयार होते. पण माणिकराव खाली बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, ठाव हाय की."

"काय ठाव आहे?"

"समदं. ह्या मांडवात बसलेल्या समद्या गाडीवाल्यांना ठाव हाय. म्हून तर आम्ही दुपारचीच गाडी आणत हुतो."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. एक जण पत्रावळीकडे बघायला लागला.

"त्यानंच सांगितलं हुतं," माणिकराव म्हणाले. "पयल्याच वर्षी. मला म्हणला, माणिका, मपला कान गेला. वायरचं दुखणं मपल्या सुनंला कळतं, मला न्हाई. हात हाय का काय हाय पोरीचा! वायरिंगचं काम आसंल तर दुपारी गाडी लाव, आन जेवायला निघून जा. एकेकाला आसंच सांगायचा. लई मिजाशीत सांगायचा, आपल्याच पोरीचा रिझल्ट सांगावा तसा. वर म्हणायचा, तिला मातुर बोलू नगा. शेफारंल."

मामा, मला रडू आलं ते तेव्हा. बायकांना वाटलं सासऱ्यासाठी रडतेय. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ज्या बाईनं मला आधी विचारलं होतं, तीच म्हणाली, "मोकळी हो बाय, लई जीव हुता तुपला."

गॅरेजात आता मी सकाळपासून बसते. तुमचा लेक टायर-ऑइल बघतो, मी वायरिंग बघते, शटर पूर्ण वर असतं. लोक येतात, "वहिनी, जरा मीटर लावा की" म्हणतात, जणू हे कायमच असं होतं. त्यांचाही राग येतो. इतकी वर्षं समोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते, सगळं माहीत असून. पण ते परके. ते तुमच्या सांगण्यानं गप्प राहिले.

तुम्ही कुणालाच सांगितलं नसतंत, तर मी समजून घेतलं असतं. म्हटलं असतं, जुना माणूस, कान गेलेला, अब्रूला भ्यायलेला, त्याच्या तोंडून ते निघणारच नव्हतं. पाळण्याचं बोललात तेही मी कधी तरी गिळलं असतं. पण ते वाक्य तुमच्याकडे होतं. तुम्ही ते करडखेडला सांगितलंत, मदनूरला सांगितलंत, बिलोलीच्या जीपवाल्याला सांगितलंत. मी पंधरा पावलांवर नळाशी डबे घासत होते, आणि तेवढ्या जागी तुम्ही आवाज खाली ठेवलात. ठेवता येत होता म्हणजे तुम्हाला.

याला माफी नाही, मामा.